घर वडिलांच्या नावावरून आमच्या नावावर करायला चार महिने फेऱ्या, आणि ग्रामसभा कधी झाली तेही कळलं नाही, आता काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील जाऊन वर्ष होत आलं, गावातलं घर अजून त्यांच्याच नावावर आहे, तुम्ही आणि तुमचा भाऊ दोघंही नोकरीमुळे बाहेरगावी, दर महिन्याला कुणीतरी एक सुट्टी टाकून गावी जातं आणि ग्रामपंचायतीतून "पुढच्या मीटिंगला घेतो" एवढं ऐकून परत येतं. त्यात तुमच्या गल्लीतल्या नळाचा विषय ग्रामसभेत होऊन गेला आणि घरी असलेल्या आईला त्याचा पत्ताच नाही, कारण गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवस आणि गुड मॉर्निंग सोडून काही येत नाही.

मी ग्रामसेवक म्हणून २८ वर्षं नोकरी केली, त्यात नऊ गावं झाली. (२०२४ पासून त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात अजून ग्रामसेवकच चालतं म्हणून मीही तेच लिहितो.) टेबलाच्या त्या बाजूला बसलेला माणूस म्हणून सांगतो, थोडं लांबेल, पण तुमचं काम होईल असं सांगायचा प्रयत्न करतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा. या चार महिन्यांत तुम्ही लेखी अर्ज दिलाय का? तुमच्या प्रश्नात "सांगितलं", "फोन केला", "भाऊ भेटून आला" एवढंच आहे, अर्ज कुठेच नाही. माझी खात्री आहे की अर्ज झालेलाच नाही. आणि अर्ज नाही म्हणजे ग्रामपंचायतीच्या दप्तरात तुमचं काम अजून सुरूच झालेलं नाहीये, चार महिने काय चार वर्षं गेली तरी. एका ग्रामसेवकाकडे बऱ्याचदा दोन-तीन गावं असतात, आठवड्यातले ठरलेले वार एकेका गावाला, त्यात पंचायत समितीच्या मीटिंगा, घरकुलाचे फोटो, कराची वसुली, कुठलं तरी अभियान चालूच. तोंडी सांगितलेलं काम त्या गर्दीत लक्षात राहत नाही, माझ्या सुद्धा राहिलेलं नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं. एका गावात एक आजी जवळजवळ वर्षभर मला भेटेल तिथे सांगायच्या, बाबा माझं नाव लावून दे, आणि मी दर वेळी हो म्हणायचो, मनापासून म्हणायचो. शेवटी त्यांच्या नातवाने वहीच्या कागदावर चार ओळी लिहून आणल्या, त्या आवक रजिस्टरला चढल्या आणि पुढच्याच मासिक सभेत ठराव झाला. आजींनी वर्षभर चकरा मारल्या त्या नुसत्या कागद नव्हता म्हणून, आणि तो कागद मागायचं काम माझं होतं.

तेव्हा अर्ज दोन प्रतीत करा. एक ग्रामपंचायतीला द्यायची, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक नंबर घ्यायचा, यालाच पोच म्हणतात. "ठेवून जा, नंतर नंबर टाकतो" म्हणाले तर थांबा, दहा मिनिटं लागतील, भांडायचं नाही पण नंबर घेतल्याशिवाय निघायचंही नाही. अगदीच घेत नसतील तर पोस्टात जाऊन रजिस्टर एडीने पाठवा, ती पावती म्हणजेच पोच.

आता कागद काय लागतात ते. वारस नोंदीचा अर्ज, वडिलांचा मृत्यूचा दाखला, घराचा जुना नमुना ८ चा उतारा, चालू वर्षापर्यंतची घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याची पावती, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स. काही ठिकाणी पोलीस पाटलांचा दाखला किंवा पंचनामा पण मागतात, तर अर्ज द्यायच्या आधी एक फोन करून विचारून घ्या म्हणजे तेवढ्यासाठी परत सुट्टी नको.

मृत्यूच्या दाखल्याबद्दल एक सांगायला हवं कारण इथे फार लोक चुकतात. जन्म असो की मृत्यू, नोंद जिथे घटना घडली तिथे होते, माणूस कुठला रहिवासी होता त्यावर नाही. वडील तालुक्याच्या किंवा शहरातल्या दवाखान्यात गेले असतील तर नोंद तिथल्या नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत असणार, तुमच्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला ती सापडणारच नाही आणि लोक महिना महिना तिथेच शोधत बसतात. नातवंडांच्या जन्माचंही तसंच. नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, त्यानंतर लेट फी आणि परवानगीचं लचांड लागतं, आणि वर्ष उलटून गेलं की थेट दंडाधिकाऱ्यांची ऑर्डर आणावी लागते. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी नोंद करून टाका, नाव नंतर घालता येतं, पहिल्या वर्षात त्याला पैसे पडत नाहीत. आणि १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच धरला जाणार आहे, त्यामुळे हे काम आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालंय.

परत तुमच्या घराकडे येतो. नमुना ८ म्हणजे कर आकारणीचं रजिस्टर, घरपट्टी कुणाकडून घ्यायची हे त्यात असतं. त्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, हे आधीच समजून घ्या, कारण नंतर बँकेत लोनला गेल्यावर हा धक्का बसतो. शेतीचा सातबारा वेगळा, तो तलाठ्याकडे (त्यांनाही आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), त्यावरची वारस नोंद पूर्ण वेगळा अर्ज आहे, ग्रामपंचायतीचा त्याच्याशी संबंध नाही. आणि तुमच्या गावात स्वामित्व योजनेत ड्रोनची मोजणी झाली असेल, २०२० पासून ते काम चालू आहे, तर गावठाणातल्या घरांची मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड झालेलं असेल. तसं असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात पण वारस नोंदीचा अर्ज द्या. दोन्ही ठिकाणी केलंत तर पुढे नावात फरक आला अशी भानगड राहत नाही. गावाला मोजणी झाली का हे आईला विचारा, घराभोवती चुन्याच्या रेघा मारल्या होत्या का, ते त्यांच्या लक्षात असेल.

वारसांत सगळे घ्यायचे. सगळे म्हणजे आई, तुम्ही, भाऊ आणि अजून बहीण-भाऊ असतील तर ते पण, लग्न झालेल्या बहिणी सुद्धा. गावात अजून "मुलीचं नाव कशाला, तिची सही घेऊन टाकू" असं सहज बोलतात आणि मी स्वतः किती तरी वेळा असे अर्ज परत केलेत. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तो तिचा प्रश्न, पण मग रीतसर हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवायला लागतं, स्टँपपेपरवर लिहून नोटरी केलेल्या कागदाने काम भागत नाही. आणि घरात वारसांमध्ये वाद असेल तर ग्रामपंचायत कोण खरं ते ठरवू शकत नाही, तो दिवाणी कोर्टाचा विषय आहे. तुमच्याकडे तसं दिसत नाही, दोघं मिळून फेऱ्या मारताय म्हणजे एकमत आहे, हे निम्मं काम झालेलंच आहे.

आता "पुढच्या मीटिंगला घेतो" चा अर्थ. ती मीटिंग म्हणजे मासिक सभा, सरपंच, उपसरपंच आणि सदस्यांची, ती दर महिन्याला व्हायलाच पाहिजे असा नियम आहे. नावात बदल करायला त्या सभेचा ठराव लागतो त्यामुळे ग्रामसेवक खोटं सांगत नसतो, पण तुमचा विषय अजेंड्यावर यायचा तर अर्ज नोटीस निघण्याच्या आधी आत गेलेला पाहिजे. म्हणून विचारताना "कधी होईल" असं विचारू नका, "पुढची मासिक सभा किती तारखेला आहे आणि माझा अर्ज कितव्या विषयाला घेतलाय" असं विचारा, तुम्हाला कामकाज कळतं हे समोरच्याला लगेच समजतं. सभा झाली की ठराव नंबर आणि तारीख लिहून घ्या. मग नवीन नमुना ८ चा उतारा मागायचा.

उतारा मागताना मात्र तुमची बाजू आणखी भक्कम होते कारण तो महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये येतो. जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणीचे दाखले, दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, निराधार असल्याचा दाखला आणि नमुना ८, या ग्रामपंचायतीच्या सेवा त्यात आहेत. प्रत्येकाला मुदत ठरलेली, नमुना ८ ला ५ दिवस, आणि फी म्हणजे साधारण २० रुपये. हे सगळं लिहिलेला बोर्ड ग्रामपंचायतीत दिसेल अशा जागी असायला हवा, सेवा, मुदत, फी, कोण देणार आणि नाही दिलं तर कुणाकडे जायचं. तुम्ही गेलात की त्या बोर्डाचा मोबाईलवर फोटो काढा आणि गावच्या ग्रुपवर टाका, तो एक फोटो गावातल्या खूप लोकांच्या उपयोगाचा आहे. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून घरबसल्या पण करता येतो, तुम्ही बाहेर राहता म्हणून तेच बरं, त्याचा नंबर मोबाईलवरच येतो आणि पोचेसाठी कुणाला विनवावं लागत नाही.

मुदतीत मिळालं नाही किंवा नाकारलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करायचं, बहुतेक ठिकाणी ते पंचायत समितीत जातं, नक्की कुणाकडे ते त्या बोर्डावर असतं. त्याच्या वर दुसरं अपील आणि त्याच्याही वर राज्य सेवा हक्क आयोग आहे. पुरेसं कारण नसताना उशीर केला तर जबाबदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. हे मी धमकी द्यायला सांगत नाहीये. माझ्या अनुभवात शंभरातल्या फार थोड्या कामांना अपिलापर्यंत जावं लागतं, पण अपील करता येतं हे माहीत असलेला माणूस शांतपणे बोलतो आणि शांतपणे बोललेलं ऑफिसात ऐकलं जातं.

वारस नोंदीचा ठराव मात्र दोन मासिक सभा होऊनही झाला नाही तर पोचेचा नंबर टाकून एक स्मरणपत्र द्या, त्यात एवढंच विचारा की कुठल्या कारणाने थांबलंय ते लेखी कळवा. त्यालाही उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात त्या दोन सभांच्या इतिवृत्ताच्या प्रती मागा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि गटविकास अधिकाऱ्यांना साधं तक्रारीचं पत्र, सोबत पोचेची झेरॉक्स. तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी लोकशाही दिन असतो तिथेही हा विषय नेता येतो, पण मला वाटतं तुमच्यावर ती वेळ येणार नाही.

आता ग्रामसभेचं. हे मला जास्त लागलं, कारण घराचं काम आज ना उद्या होईल, पण तुमच्या गल्लीत पाणी यायचं की नाही हे ठरत असताना तुमची आई घरातच होती आणि तिला कुणी हाक मारली नाही.

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात. नोटीस सात दिवस आधी काढायची, बोर्डावर लावायची आणि दवंडी द्यायची. माझ्या सुरुवातीच्या गावात कोतवाल हलगी घेऊन सगळ्या आळ्यांतून फिरायचा, वस्तीवर सुद्धा जायचा, आणि शेतातून येणाऱ्या बायकांना पण कळायचं की उद्या सभा आहे. मग स्पीकर आले, मग व्हॉट्सॲप ग्रुप आले आणि सगळ्यांनी धरून चाललं की ग्रुपवर टाकलं म्हणजे गावाला सांगितलं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, ज्यांचा नातू फोन घेऊन कॉलेजला जातो, ज्यांना वाचता येत नाही, त्यांना काहीच कळेनासं झालं आणि नेमकं पाणी, पेन्शन, घरकुल, रेशन हे विषय त्यांचेच जास्त असतात. मी शेवटच्या दोन गावांत एक पद्धत लावली होती, नोटीस ग्रुपवर टाकायचीच पण घंटागाडीच्या स्पीकरवर तीन दिवस लावायची, अंगणवाडीत आणि रेशन दुकानात पण एकेक प्रत चिकटवायची आणि आशाताईंना सांगून ठेवायचं. खर्च जवळजवळ काही नाही. पहिल्या वेळी बायका इतक्या आल्या की बसायला सतरंजी कमी पडली. तसंही प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, तुमच्या गावात ती होते का हे आईला विचारा आणि होत नसेल तर ती मागायला त्यांनीच दोन शेजारणींना घेऊन जावं.

कोरमचंही कळून घ्या. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. बऱ्याच गावांत खरं काम तिथेच होतं, पहिल्या दिवशी लोक "कोरम नाही, सभा रद्द" म्हणून घरी जातात आणि नंतरच्या सभेत वीस-पंचवीस जण सगळे विषय मंजूर करतात, कायद्याने ते बरोबरच असतं. रद्द आणि तहकूब यात फरक आहे. तहकूब म्हणाले की लगेच उभं राहून विचारायचं, पुढची तारीख कोणती, ती आत्ताच सगळ्यांसमोर सांगा.

तुमच्या नळाचा विषय झाला म्हणताय, तर नक्की काय झालं ते प्रोसिडिंगमध्ये म्हणजे सभेच्या इतिवृत्तात असेल, त्याची प्रत मागा. नवीन पाइपलाइन मंजूर झाली, की नुसती चर्चा झाली, की "पुढील आराखड्यात घेणे" असं लिहिलंय, या तिन्हींत खूप अंतर आहे. पुढच्या ग्रामसभेला विषय हवा असेल तर आठ-दहा दिवस आधी लेखी द्या, ऐनवेळच्या विषयात टाकला की सगळे उठायच्या घाईत असतात. आणि पैशाचं बोलायची तयारी ठेवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला (२०२१-२२ ते २०२५-२६) ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, तो रस्त्याला किंवा कमानीला वापरायचाच नाही. गावाचा आराखडा, आलेले पैसे, झालेला खर्च हे ई-ग्रामस्वराज वेबसाइटवर कुणालाही बघता येतं, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं. तुमच्यासारखी बाहेर नोकरी करणारी मुलं गावासाठी हे काम सहज करू शकतात, रात्री अर्धा तास बसून पाण्याच्या कामांची यादी काढायची आणि आईकडे देऊन ती कामं जागेवर झालीत का ते बघायला सांगायचं. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलंय, तुमच्या गल्लीत किती येतं ते चार दिवस मोजून वहीत लिहून ठेवा. "पाणी येत नाही" यावर वाद घालता येतो, चार दिवसांच्या आकड्यांवर नाही.

ग्रुपबद्दल शेवटचं. सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना सुचवून बघा की एक वेगळा ग्रुप करा ज्यात फक्त ॲडमिनच टाकू शकतील आणि तिथे फक्त कामाचं येईल. पाणी उद्या कुठल्या आळीला किती वाजता, लाइट कधी जाणार, लसीकरण कधी, डॉक्टर कधी येणार, कुठल्या योजनेची शेवटची तारीख काय, ग्रामसेवक या आठवड्यात कुठल्या वारी गावात आहेत. एवढं एक शेवटचं जरी नियमाने आलं तरी गावच्या निम्म्या फेऱ्या वाचतात. पावसाळ्यात टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली का आणि ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी) केली का हे पण रोज टाकायला सांगा, नळाच्या पाण्यात त्या टेस्टच्या औषधाचे दोन थेंब टाकले आणि पिवळं झालं की क्लोरीन आहे, त्याचा फोटो टाकायला एक मिनिट लागतं. माझ्या एका गावात पाणीपुरवठा कर्मचारी आजारी पडला, पावडर चार दिवस पडलीच नाही आणि कुणाला कळलं नाही, कळलं ते लहान मुलं जुलाबाने दवाखान्यात गेल्यावर. त्यानंतर मी फोटोचा नियम केला आणि मी रिटायर होईपर्यंत तो मोडू दिला नाही.

तुम्ही पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एकाच फेरीत वारस नोंदीचा अर्ज पोच घेऊन, बोर्डाचा फोटो आणि त्या ग्रामसभेच्या प्रोसिडिंगची मागणी, ही तिन्ही कामं होतील. जायच्या आधी ग्रामसेवकांचा गावातला वार विचारून घ्या. आणि अर्जात वारसांची नावं लिहिताना आईचं नाव पहिलं लिहा, तुमची नंतर, बऱ्याच अर्जांत फक्त मुलांची नावं असतात आणि आई राहूनच जाते, मग तिच्याच घराच्या उताऱ्यावर तिचं नाव नसतं. सहीला आईला सोबत घेऊन जा.